‘नेमकं कसं झालं हो?’

माझे बाबा मे 2021 मध्ये कोविडने गेले. आम्ही सांगलीचे. त्या दिवसांत कुणी कुणाकडे भेटायला जाऊ शकत नव्हतं, दिवसकार्य पण चार माणसांत उरकलं, त्यामुळे एरवी जे लोक घरी येऊन बसले असते त्यांनी फोन केले. पहिले दोन आठवडे आईला रोज पंधरा-वीस फोन यायचे आणि जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये दुसरं वाक्य हेच असायचं, "वहिनी, नेमकं कसं झालं हो?" की आई परत पहिल्यापासून सांगायला लागायची. ताप कधी आला, टेस्ट कधी केली, ऑक्सिजन कधी उतरला, बेड कसा मिळाला, शेवटी काय बोलले. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली असायचे आणि मला ते सगळं पाठ झालं होतं, कुठल्या वाक्याला तिचा आवाज बसणार ते सुद्धा.

फोन करणाऱ्यांत एकाचाही हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आपल्याकडे रीतच आहे, दुःखाच्या घरी जायचं, बसायचं, विचारायचं, आणि "बोल, रड, मोकळी हो" म्हणायचं. मी स्वतः कितीतरी जणांना असंच म्हटलंय. पण गेली काही वर्षं मी हा विषय डोक्यातून काढू शकलेले नाही, बरंच वाचलं, आईकडे बघत राहिले, आणि आता मला ठामपणे वाटतं की बोललं की माणूस मोकळा होतो हे आपण जितकं गृहीत धरतो तितकं ते सरळ नाहीये. आठवण काढल्याने कधी खरंच हलकं वाटतं आणि कधी तीच आठवण माणसाला आणखी खोल नेते. कुणी विचारलं, कधी विचारलं, काय विचारलं, आणि सांगायचं की नाही हे ठरवायची मुभा त्या माणसाला होती का, यावर सगळं ठरतं. आणि आपण घरातले, शेजारी, शाळा, ऑफिस, टीव्हीवाले, पोलीस, सगळेच या भागाकडे लक्षच देत नाही.

आईचं काय झालं ते सांगते. सुरुवातीच्या फोनवर ती म्हणायची, "बुधवारी सकाळी 91 झालं आणि मग आमची धावपळ सुरू झाली." मग कुणीतरी विचारलं, "मंगळवारीच का नाही नेलं?" दुसऱ्या दिवशी अजून एकाने, "खरं तर 94 च्या खाली गेलं की लगेच न्यायचं असतं." हे लोक माहिती म्हणून बोलत होते. पण दुसऱ्या आठवड्यात आईची गोष्टच बदलली. ती आता तापापासून सुरू होत नव्हती, ती "माझंच चुकलं" पासून सुरू व्हायची. मंगळवारी नेलं असतं तर, मी उद्या बघू म्हटलं, मला कळायला पाहिजे होतं. तिसऱ्या आठवड्यात तर मंगळवारच्या संध्याकाळचं सगळं तिच्या सांगण्यातून गायबच झालं, राहिलं फक्त एक वाक्य, की मी बसून राहिले.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही, की काढला, बघितला, परत तसाच ठेवला. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 सालीच दाखवलं होतं की लोकांना एक गोष्ट वाचायला देऊन काही काळाने परत परत सांगायला लावली की दर खेपेला तिचे तपशील गळतात आणि उरलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे आकार घेते. पुढे 2000 साली मेंदूचे अभ्यासक करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण सुद्धा जागी केली की काही वेळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा बसवावी लागते. माणसाचं मन उंदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण मला यातून एवढं कळलं की आठवण बाहेर निघते तेव्हा ती मऊ असते, त्या वेळी तिच्यावर जे पडेल त्याचा ठसा उमटू शकतो. आईच्या आठवणीवर पडत होता "मंगळवारी का नाही नेलं" हा प्रश्न, दिवसातून कितीदा तरी.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, उगाळणं. आपण म्हणतो ना, "किती उगाळत बसशील तेच तेच." खोड सहाणेवर गोल गोल फिरतंय, पुढे कुठे जात नाही, पण दर फेरीला अजून थोडं उतरतंय. आणि मन मोकळं करणं यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, म्हणजे हे दोन वेगळे आहेत हे भाषेला माहितीय, पण सांत्वन करताना आपण दोन्ही एकच समजतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, माणूस बसलाय आणि झालेलं आठवतोय. आत मात्र फार फरक असतो. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच उगाळण्याचा अभ्यास केला. तिचा एक अभ्यास मला विसरता येत नाही, कारण तो नशिबाने घडला. तिने कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 137 विद्यार्थ्यांकडून मन खराब असताना ते काय करतात याचे फॉर्म भरून घेतले होते आणि त्यानंतर 14 दिवसांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, तिथे लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर 10 दिवसांनी आणि 7 आठवड्यांनी परत तपासलं, तर ज्यांना आधीपासून उगाळत बसायची सवय होती ते जास्त खचलेले होते. भूकंप सगळ्यांनीच सोसला होता, मनात तो कसा फिरवला गेला यात फरक होता.

मग उगाळण्यात नेमकं काय असतं? इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांनी यावर बरंच काम केलंय, आणि त्यातून मी जे समजले ते असं, की "असं का झालं, माझ्याच बाबतीत का, मी अशी का" हे प्रश्न मनाला वरच्या वर फिरवत ठेवतात, त्यांना तळच नसतो, आणि "मग काय झालं, त्या वेळी समोर काय दिसत होतं, तू काय केलंस, त्यानंतर कोण आलं" असे प्रश्न मनाला जमिनीवर आणतात. तपशिलात गेलं की त्रास वाढेल अशी आपली भीती असते. पुष्कळदा उलटं होतं, एका ठरावीक दिवसाच्या ठरावीक तपशिलाला शेवट असतो, "मी वाईट बायको आहे" याला शेवट नसतो.

आता कुणी म्हणेल की हे घरगुती झालं, तज्ज्ञ लोक तर बोलतं करतातच की. हो, आणि तज्ज्ञ लोकांनी सुद्धा यात मोठी चूक केली होती, ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. 1983 साली जेफ्री मिचेल यांनी, जे स्वतः आधी आगीच्या बंबावर काम करत होते, अपघात, आग, आपत्ती पाहिलेल्या लोकांसाठी एक पद्धत मांडली. घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं, सर्वात वाईट क्षण कोणता, हे बोलून घ्यायचं. ऐकायला किती बरोबर वाटतं. जगभर पसरली ती पद्धत, फक्त बंबवाल्यांपुरती न राहता हॉस्पिटलमधल्या एकेकट्या पेशंटसाठी सुद्धा वापरायला लागले, न बोललात तर पुढे त्रास होईल असं लोकांना सांगायला लागले. मग कुणीतरी नीट तपासून बघितलं. वेल्समधल्या भाजलेल्या पेशंटच्या 1997 सालच्या अभ्यासात असं बसवून एकदा बोलतं केलेल्यांपैकी 26 टक्के लोकांना 13 महिन्यांनी आघातोत्तर ताणाचा आजार, म्हणजे पीटीएसडी, होता, आणि ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यात 9 टक्क्यांना. ऑक्सफर्डमध्ये रस्ता अपघातातल्या लोकांना तीन वर्षांनी तपासलं तर जे सुरुवातीला सर्वात जास्त हादरलेले होते आणि ज्यांना बोलतं केलं होतं तेच अडकून राहिले होते, आणि तितकेच हादरलेले पण ज्यांना कुणी छेडलं नव्हतं ते बऱ्यापैकी सावरले होते. हे अभ्यास लहान आहेत, मान्य, भाजलेल्यांच्या अभ्यासात बोलतं केलेले पेशंट मुळातच जरा जास्त भाजलेले होते. पण सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिल्यावर सुद्धा फायदा काही दिसला नाही, आणि 2005 पासून ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात की असं एका बैठकीत बोलतं करणं सरसकट करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक काढलं त्यात स्पष्ट आहे की माणसाला काय झालं ते सांगायची जबरदस्ती करायची नाही. आधी बघा कुणाला काय हवंय, बोलायचं असेल तर ऐका, आणि पाणी, निवारा, नातेवाईक, डॉक्टर यांच्याशी गाठ घालून द्या.

हे वाचलं तेव्हा मी आईचे फोन मोजले मनात. तिला तर कुणी एका बैठकीत नाही, शंभर बैठकांत बोलतं केलं होतं.

पण म्हणून "विषयच काढू नका" हे उत्तर अजिबात नाही, आणि ही दुसरी चूक आपल्या घरांत पहिलीइतकीच होते. फोटो उतरवून ठेवायचे, लहान मुलांसमोर नाव घ्यायचं नाही, बाईने डोळ्यात पाणी आणलं की "आता बास, मुलांकडे बघ." दाबून ठेवलेलं जात नाही कुठे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा 1986 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे, त्यांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी काय झालं आणि काय वाटलं असं दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत, लिहिल्यावर लगेच त्या मुलांना जास्त वाईट वाटत होतं. आणि पुढे 146 अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये बघितलं तेव्हा फायदा दिसला खरा, पण छोटा. म्हणजे वहीत लिहा आणि सगळं ठीक होईल असं कुणी सांगत असेल तर ते पण खरं नाही.

आणि एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाते ती लपवणार नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी बसवलेल्या उपचारात पेशंटला तीच भयंकर आठवण पुन्हा पुन्हा, डोळे मिटून, मोठ्याने सांगायला लावतात, आणि पीटीएसडीसाठी ज्या उपचारांचा पुरावा सर्वात भक्कम आहे त्यांत हा मोडतो. मग आईने शंभर वेळा सांगितलं तर काय बिघडलं? माझं उत्तर असं आहे की तिथे तासाभराहून जास्त वेळ राखून ठेवलेला असतो, समोर शिकलेला माणूस असतो जो घाबरून जात नाही, मधेच सल्ला देत नाही, दोष देत नाही, आणि आठवण जिथे नेते तिथपर्यंत सोबत जाऊन परत आणतो. शिवाय पेशंट स्वतः ठरवून आलेला असतो. आईच्या फोनवर चार मिनिटांत सगळं उकरून "बरं, काळजी घ्या" म्हणून फोन बंद व्हायचा आणि दोन मिनिटांत दुसरा वाजायचा. तिला त्या आठवणीतून कुणी परत आणलंच नाही.

बदल झाला तो 2023 च्या दिवाळीत. माझी मावसबहीण नर्स आहे, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती चार दिवस राहायला आली होती. कपाट आवरताना एक वही सापडली, शाळेची दोनशे पानी, आमच्या घरी दुधाचा हिशोब लिहायची. बाबा आजारी असताना आई त्यात ऑक्सिमीटरचे आकडे लिहायची हे मला माहीत होतं, पण ती वही नंतर कुणी उघडली नव्हती. आईने वही बघितल्याबरोबर नेहमीचं वाक्य आलं, "मंगळवारी न्यायला हवं होतं गं मी." ताईने "नाही मावशी, तुमचं काही चुकलं नाही" असं म्हटलं नाही, जे आम्ही सगळे दोन वर्षं म्हणत होतो आणि ज्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. ती म्हणाली, "मावशी, मंगळवारचं पान वाचून दाखवा मला." आईने नको म्हटलं. ताईने वही मिटली, फराळाचे डबे भरायला घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच वही घेऊन आली.

मंगळ. सकाळ 96. दुपार 95. संध्याकाळ 6 वा. 94. रात्री 9 वा. 94, पालथं झोपवून 95. ताई प्रत्येक ओळीला थांबून विचारत होती, तेव्हा ते काय करत होते, जेवले का, तुम्ही कुठे होता, मग काय केलंत. आई आठवून आठवून सांगत होती, मऊ भात केला होता, अर्धी वाटी खाल्ला, टीव्हीवर काहीतरी चालू होतं, तो बंद करायला सांगितला. मग आईने पान उलटलं आणि मागच्या बाजूला फोन नंबर होते. सहा नंबर, एकाखाली एक, पाच नंबरांपुढे "बेड नाही" आणि शेवटच्यापुढे "सकाळी 8 ला करा". आईचंच अक्षर. मंगळवारी रात्रीच.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी फोन केले होते." एवढंच.

तिचं दुःख गेलं असं मी म्हणत नाही, बाबांच्या तिथीला ती अजून दिवसभर गप्प असते. पण "मी बसून राहिले" हे वाक्य मी त्यानंतर ऐकलं नाही. आणि हे कुणी समजूत घालून झालं नाही, तिने स्वतः त्या रात्रीत परत जाऊन, एकेक ओळ बघून, आपल्याच अक्षरात ते शोधलं. दोन वर्षं जी आठवण ती सगळ्यांना सांगत होती ती तिची राहिलीच नव्हती, विचारणाऱ्यांच्या प्रश्नांनी घडवलेली होती. वही नसती तर? बहुतेकांकडे वही नसतेच. म्हणून तर विचारणाऱ्याची जबाबदारी इतकी मोठी आहे.

जुन्या बायकांना यातलं काहीतरी कळत असणार असं मला सारखं वाटतं. जात्यावर बसून माहेर, सासर, मेलेलं लेकरू, परागंदा भाऊ, सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. तिथे कुणी "कसं झालं गं" विचारत नव्हतं, बाई तिला हवं तेव्हा, हवं तेवढं, जात्याला सांगायची, हात कामात असायचे, आणि पीठ झालं की ओवी थांबायची. आणि संतांची नाममुद्रा घ्या, "तुका म्हणे", "जनी म्हणे", स्वतःचं आतलं बोलताना स्वतःचंच नाव घेऊन बोलायचं. ती खूण कर्त्याच्या नावासाठी होती, उपचारासाठी नव्हे, हे मला माहितीय. पण अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की ताणाच्या प्रसंगी माणूस "मी" ऐवजी स्वतःच्या नावाने मनाशी बोलला तर त्रास कमी होतो, थोडं अंतर पडतं, मैत्रिणीशी बोलावं तसं स्वतःशी बोलता येतं. मी करून बघितलंय, रात्री झोप येत नाही तेव्हा. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सूर मऊ होतो एवढं नक्की.

आता घराबाहेरचं. माळीणला 30 जुलै 2014 ला डोंगर गावावर आला, 150 हून जास्त माणसं गेली, 2023 च्या जुलैमध्ये इर्शाळवाडी. अशा प्रत्येक वेळी आपण टीव्हीवर बघतो, ज्याचं आख्खं घर मातीखाली आहे त्याच्या तोंडासमोर माइक आणि प्रश्न, "काय वाटतंय तुम्हाला?" एक चॅनेल गेलं की दुसरं, परत पहिल्यापासून. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत खासगी दुःखाच्या क्षणी फोटोसाठी घुसू नये असं आहे, पण प्रेस कौन्सिल छापील माध्यमांसाठी, टीव्ही त्यांच्या हातात नाही, आणि मोबाईल घेऊन फिरणारे यूट्यूबवाले तर कुणाच्याच हातात नाहीत. आपत्तीच्या जागी मदत छावणीत कॅमेऱ्याला बंदी घालायला जिल्हाधिकाऱ्यांना कोण अडवतंय? ढिगाऱ्याचे फोटो घ्या, सरकारला जाब विचारा, हवं ते करा, पण ज्याचं माणूस सापडलेलं नाही त्याला पहिले काही दिवस तरी सोडा.

कायद्याला हे कळतच नाही असंही नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलाला साक्षीसाठी कोर्टात वारंवार बोलवायचं नाही, जबाब शक्यतो मुलाच्या घरी घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, आणि कोर्टाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची. म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हा त्रास आहे हे संसदेने लिहून ठेवलंय. मग तोच विचार मोठ्या माणसांपर्यंत का येत नाही? ज्या बाईवर अत्याचार झालाय ती पोलिसांना सांगते, डॉक्टरांना सांगते, मॅजिस्ट्रेटसमोर सांगते, वर्षांनंतर कोर्टात सांगते, आणि मधे प्रत्येक नातेवाईकाला. तिचा जबाब नीट एकदाच रेकॉर्ड करून पुढे वापरता येईल तितका वापरावा ही मागणी करायला आपण मानसशास्त्रज्ञ असायची गरज नाही. उलटतपासणीचा आरोपीचा हक्क राहणारच, राहायलाच हवा, पण त्याआधीच्या निम्म्या खेपा तरी नक्की वाचतील.

शाळा-कॉलेजांबद्दल पण सांगते, कारण वर्गातल्या मुलाने जीव दिला किंवा अपघातात गेलं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून "शेअर करा" म्हणायची पद्धत पडत चाललीय. करणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण पन्नास मुलांसमोर ज्याला बोलायचं नाही त्याने काय करायचं? त्यापेक्षा रोजचे तास सुरू ठेवा, एक खोली आणि एक समजूतदार शिक्षक दिवसभर मोकळा ठेवा, ज्याला यायचंय तो येईल, आणि 14416 हा टेली-मानसचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा, ती सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि महिन्याभराने परत विचारा. महिन्याभराने कुणीच विचारत नाही, हे मी अनुभवाने सांगते, आईचा फोन जुलैमध्ये वाजायचा बंद झाला आणि खरं तर तेव्हा तिला बोलायचं होतं.

गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका गेले, अचानक, हार्ट अटॅकने. आई तिसऱ्या दिवशी पिठलं-भाताचा डबा घेऊन गेली, मी सोबत होते. तिने काही विचारलं नाही. काकूंच्या शेजारी बसली, ताटात वाढून दिलं, त्या जेवेपर्यंत थांबली, आणि निघताना म्हणाली, "मी रोज चारला येत जाईन, तुला बोलायचं असेल तर बोल, नाहीतर आपण नुसतं बसू." आठ-दहा दिवस त्या दोघी नुसत्याच बसल्या. मग एके दिवशी काकू आपणहून काकांच्या स्कूटरबद्दल सांगायला लागल्या, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी ती नरसोबाच्या वाडीला नेली होती आणि वाटेत पेट्रोल संपलं होतं, आणि आई विचारत होती, "मग? मग काय केलंत?"